चार वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) नॉर्मल आली होती. पुन्हा करायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, आत्याला गर्भाशयाचा, आणि तुम्ही ३१ वर्षांचे आहात. मी डॉक्टर नाही, नागपुरात एका एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे. पण आत्याचं तुम्ही जे जाता जाता सांगितलं, तेच मला आधी खटकलं.

आतडं आणि गर्भाशय एकाच घरात, त्यातला एक कॅन्सर पन्नाशीच्या आत, असं दिसलं की डॉक्टरांच्या डोक्यात लिंच सिंड्रोम येतो. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जीन्सपैकी एकात बिघाड असतो आणि तो मुलांमध्ये यायची शक्यता निम्मी. एरवी पॉलिपचा (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या गाठीचा) कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, लिंचमध्ये दोन-तीन वर्षांतही होतो. म्हणून अशांची तपासणी साधारण २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करतात (काही जीन्समध्ये थोडी उशिरा सुरू करतात). लिंच असेल तर चार वर्षांपूर्वीचा तुमचा रिपोर्ट शिळा झाला.

तरी आधी वडिलांचा ऑपरेशनचा ब्लॉक शोधा. पॅथॉलॉजीत मेणातले तुकडे बरीच वर्षं जपून ठेवतात. त्यावर एमएमआर प्रोटीनची (म्हणजे त्या दुरुस्तीच्या जीन्सपासून बनणाऱ्या प्रोटीनची) आयएचसी, म्हणजे ती पेशींत आहेत का हे रंग देऊन बघायची तपासणी, करून मागा. त्यात काही निघालं तर आधी वडिलांची जीनची तपासणी, मग तुमची. त्यांच्यात सापडलेला बिघाड तुमच्यात नसेल तर दरवर्षीच्या दुर्बिणीतून सुटलात!

आता जुना रिपोर्ट काढा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत, गेली का? तिथला फोटो आहे का? पोट किती साफ होतं? त्याचे गुण म्हणजे बोस्टन स्कोअर, तो ९ पैकी असतो, एकूण किमान ६ आणि आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ हवेत. लिंचमधले पॉलिप बरेचदा चपटे आणि उजव्या बाजूला असतात. नेमकी तीच बाजू घाण राहते, कारण पेशंट पोट साफ करायचं सगळं औषध आदल्या रात्रीच संपवून मोकळे होतात. अर्धं रात्री, अर्धं पहाटे घ्यायचं आणि तपासणीच्या दोन तास आधी संपवायचं. पहाटे चारला उठायचा कंटाळा येतो, माहीत आहे, पण उठा. आधीचे दोन-तीन दिवस पेरू, टमाटे, भेंडी, संत्रं बंद. बाप्पा, तर्री-पोहेसुद्धा! लाल सरबत नको, आत रक्तासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवडाभर आधी बंद करायच्या का, हे डॉक्टरांना विचारा.

टेबलावर झोपायच्या आधी घरातला इतिहास डॉक्टरांना स्वतः सांगा. फॉर्मवर 'पोटदुखी' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यांना कळणार कसं? दुर्बीण बाहेर काढताना किमान सहा ते आठ मिनिटं बघायला हवं असं मानतात. लिंच माहीत असलं की बरेच डॉक्टर आणखी वेळ देतात, कुणी निळा रंगही फवारतात, त्यात चपटे पॉलिप उठून दिसतात.

बहीण असेल तर तिला आत्याचे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.