ट्रक धुवा, पण वरून पाणी न मारता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ आमच्या १४ गाड्या लागतात, सगळ्या ३२ फुटी, बंद बॉडीच्या. टँकरचं पाणी महाग पडतं, आणि धुतलेलं पाणी रस्त्यावर वाहिलं की आजूबाजूचे दुकानदार तक्रार करतात. कारसाठी मिळतं ते रिन्सलेस वॉश, म्हणजे लावून नुसतं पुसून काढायचं लिक्विड, एवढ्या मोठ्या गाडीला चालेल का? किती लागेल?

उत्तर : चालेल, पण गाडी आठवड्यातून एकदा तरी पुसली गेली पाहिजे. या द्रावणातली पॉलिमर धुळीच्या कणाला वेढतात आणि कण व रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर ठेवतात. त्यामुळे कण न घासता फडक्यात येतो आणि वरून पाणी मारावं लागत नाही. हे धुळीच्या पातळ थरालाच जमतं. नखाने खरवडल्यावर खपली निघत असेल, तर तो चिखल आधी पाण्यानेच उतरवा. तसाच पुसला तर त्यातली वाळू फडक्याखाली फिरते आणि रंगावर ओरखडे उठतात.

ऑप्टिमम नो रिन्ससारख्या लिक्विडचं नेहमीचं प्रमाण १:२५६, म्हणजे १० लिटर पाण्याला ४० मिली. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. दोन्ही बाजू, मागची दारं आणि केबिन मिळून तुमच्या एका गाडीचा पत्रा साधारण ६५० चौरस फूट भरतो. त्याला बादलीत १५ लिटर आणि हातपंपाच्या स्प्रेमध्ये ५ लिटर, असं २० लिटर पाणी आणि ८० मिली लिक्विड पुरतं. चौदाही गाड्यांना मिळून २८० लिटर. साधा प्रेशर वॉशर मिनिटाला ८ ते १० लिटर ओढतो. म्हणजे तो अर्धा तास चालवला तर एवढं पाणी एकाच गाडीवर जातं.

खरा हिशोब लिक्विडचा नाही, फडक्यांचा आहे. बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडतं. ४० सेंमी चौरस, ३५० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबर फडकी घ्या, गाडीमागे २०. एका फडक्याची चौघडी केली की वापरायला आठ बाजू मिळतात. वीस फडक्यांच्या १६० बाजू, म्हणजे एका बाजूला जेमतेम चार चौरस फूट पत्रा. त्याहून जास्त ओढू नका. ही सगळी फडकी सुरुवातीलाच बादलीत भिजत टाका, टिपायची कोरडी फडकी वेगळी ठेवा, आणि वापरलेलं फडकं पुन्हा त्या बादलीत कधीच बुडवू नका. त्यासाठी रिकामा ड्रम शेजारी ठेवा. रोज दोन गाड्या घेतल्या तर आठवड्यात ताफ्याची एक फेरी होते आणि फडकी ५०-६०च पुरतात.

क्रम असा : आधी केबिनची काच आणि समोरचा भाग. घाट उतरून आलेल्या गाडीवर चिकटलेल्या किड्यांवर ओलं फडकं पाच मिनिटं नुसतं टाकून ठेवा, घासू नका. मग एका वेळी सहा-सात फुटांचा पट्टा स्प्रे करा, दोन मिनिटं थांबा, वरून खाली सरळ रेषेत पुसा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपा. खालचे दोन फूट आणि मडगार्ड शेवटी, वेगळ्या रंगाच्या फडक्याने.

प्रश्न : गडद निळ्या केबिनवर पुसल्यानंतर पांढरट ओघळ दिसतात. लिक्विड खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. हाताचा मागचा भाग पत्र्याला लावून बघा. चटका बसत असेल तर पुसण्याआधीच द्रावण वाळतंय. सकाळी ऊन चढण्याआधी किंवा शेडमध्ये काम करा. दुसरं कारण म्हणजे हात सैल सोडून ओतलेलं लिक्विड. दुप्पट टाकल्याने दुप्पट स्वच्छ होत नाही, चिकट थर मात्र राहतो. तिसरं कारण टँकरचं बोअरचं पाणी. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा ५०० च्या वर गेला तर द्रावणासाठी तरी महापालिकेच्या नळाचं पाणी वापरा. या कामाला रोज ४० लिटर लागतात, तेवढं मिळतं. आत्ताचे ओघळ ताज्या द्रावणाच्या फडक्याने पुसून लगेच टिपा. तरीही गोल डाग उरले तर ते क्षारांचे आहेत. त्यांना पाण्याच्या डागांचा वेगळा क्लीनर लागतो, आणि तो आधी कोपऱ्यात लावून बघावा.

प्रश्न : बॉडीचा वरचा भाग बारा फुटांवर. तिथे हात कसा पोचणार?

उत्तर : लांब होणाऱ्या दांड्यावरचा मायक्रोफायबरचा सपाट मॉप घ्या. ब्रश नको, ब्रशच्या केसांत अडकलेली वाळू रंगावर फिरते. मॉपची पॅड फडक्यांसारखीच बदलत राहा. कामगारांना टायरवर किंवा मडगार्डवर चढू देऊ नका. लिक्विड सांडलेलं लोखंड फार निसरडं होतं. रुंद पायऱ्यांची शिडी, तिला धरायला दुसरा माणूस, चाकाखाली गाडी अडवणारा ठोकळा आणि गाडीची चावी सुपरवायझरच्या खिशात, एवढं हवंच. टप या पद्धतीत पुसू नका. मेअखेरीस एकदा तो पाण्याने धुवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात वर्षभराची धूळ काळ्या रेघांनी बाजूंवर उतरते.

प्रश्न : डंपर आणि काँक्रीटच्या मिक्सर गाड्यांनाही हेच वापरू का?

उत्तर : नाही. सिमेंट ओलं झालं की धरतं, आणि खडीची भुकटी काचकागदासारखी चालते. त्या गाड्यांना पाण्याचा जोरच हवा. केबिन आतून पुसायला मात्र हे द्रावण उत्तम.

प्रश्न : डिझेलची टाकी, ग्रीस आणि रिफ्लेक्टर पट्ट्यांचं काय करायचं?

उत्तर : टाकीच्या झाकणाखालचा तेलकट ओघळ आधी डीग्रीझरने, म्हणजे तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने, काढा. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिकवालं डीग्रीझर टाळा, धातू काळवंडतो. ग्रीस लागलेलं फडकं पुन्हा पत्र्यावर आणू नका, ते कायमचं चाकांना द्या. समोरच्या पांढऱ्या, बाजूच्या पिवळ्या आणि मागच्या लाल पट्ट्यांना ही पद्धत प्रेशर वॉशरपेक्षा चांगली, कारण जवळून मारलेल्या झोताने पट्टीच्या कडा सुटतात. मागच्या लाल पट्ट्यांवर काजळी सर्वांत जास्त बसते. त्या पुसूनच गाडी रात्रीच्या फेरीला सोडा.

प्रश्न : फडकी चार-पाच धुण्यांतच पाणी शोषेनाशी होतात. का?

उत्तर : सॉफ्टनर बंद करा. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी नुसतं पुढे ढकलतं. ब्लीचही नको. थोड्या लिक्विड डिटर्जंटमध्ये कोमट पाण्यात धुवा, दोनदा खळबळा, आणि सुती कपड्यांबरोबर टाकू नका, त्यांची लव चिकटते. पावसाळ्यात ओली फडकी ड्रममध्ये रात्रभर राहिली तर कुबट वास येतो. त्याच संध्याकाळी पिळून पंख्याखाली पसरा. जमिनीवर पडलेलं फडकं झटकून परत घेऊ नका, ते त्या दिवसापुरतं बाद.