भट्टी पेटल्यावर मुलांजवळ कोण?

कामानिमित्त सतत मुक्काम हलवणारे कलावंत आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे एक प्रश्न वारंवार घेऊन येतात: आमच्या कलेपायी मुलांची फरफट तर होत नाही ना? या प्रश्नाला त्यांना 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर हवे असते. मी ते देत नाही, कारण मुलाला नेमका कशाचा त्रास होतो आहे हे कळण्याआधी सगळा दोष प्रवासावर ढकलला, तर खरे कारण तसेच राहून जाते. पुढे सांगितलेल्या कुटुंबाच्या बाबतीत हेच घडत होते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याविषयी लिहिते आहे.

आई शिल्पकार आहे आणि तिचे काम बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, शिल्पांचे आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या कार्यशाळा आणि कलासंस्था तिला बोलावतात; तिथे काही आठवडे राहून ती साचे तयार करते, इतर कलावंतांच्या साथीने भट्टी लावते आणि शिल्प ओतते. वडिलांचे संपादनाचे काम कुठूनही होण्यासारखे असल्याने सगळे कुटुंब बरोबर जाते आणि ओतकामाच्या दिवशी वडीलही पथकात उभे राहतात. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. मुलाच्या पोटात दुखत असे आणि वैद्यकीय तपासणीत काहीच सापडत नव्हते. मुलगी दिवसेंदिवस अबोल होत चालली होती. पहिल्याच भेटीत आई म्हणाली, "मी हे काम सोडावे का, एवढेच मला सांगा."

मी त्यांना पोटदुखीचे दिवस आठवून लिहायला सांगितले. दुखणे नव्या मुक्कामी पोहोचल्यावर येत नव्हते, शाळेचा ऑनलाइन अभ्यास साचला म्हणूनही येत नव्हते. ते बहुतेक वेळा ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी सुरू होत होते. त्यामुळे त्या दिवशी नेमके काय घडते ते मी सविस्तर विचारले.

जुने रेडिएटर, बिडाचे बाथटब वगैरे फोडून केलेले लोखंडाचे तुकडे, कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन) आणि चुनखडी यांचे थर उभ्या भट्टीत, म्हणजे क्युपोलात, आळीपाळीने टाकले जातात आणि खालून हवेचा झोत सोडला जातो. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते; बिडात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असल्याने ते ११५० ते १२०० अंशांच्या आसपास वितळते, पण साच्याच्या कानाकोपऱ्यांत रस पोहोचावा म्हणून तो याहून बराच तापलेला असताना ओततात. एकदा भट्टी पेटली की मनात आले म्हणून मध्येच थांबता येत नाही. रस साठत राहतो, भट्टीच्या तोंडातला मातीचा बोळा वेळेवर फोडावा लागतो, लॅडल, म्हणजे रस वाहून न्यायचे दांड्यांचे भांडे, भरून घ्यावी लागते आणि तोंड पुन्हा बंद करावे लागते. साच्यात किंवा जमिनीवर ओल राहिली असेल तर तिची क्षणात वाफ होते, पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि तापलेला रस उसळून अंगावर येऊ शकतो. म्हणून चामड्याचा पोशाख आणि चेहऱ्यावर ढाल घातलेल्या माणसाला त्या काळात दुसरीकडे लक्ष देता येत नाही, आणि त्याने ते देऊही नये.

हे ऐकल्यावर मुलाच्या बाजूने चित्र स्पष्ट झाले. आई आणि वडील, दोघेही त्याच दिवशी, त्याच आगीजवळ, चेहरे झाकून उभे; हाक मारली तर कोणी वळून पाहत नाही; आणि त्याला सांभाळायला तेरा वर्षांची बहीण. खेळ आणि चित्रे यांच्या आधाराने तो पुढे बोलू लागला, तेव्हा त्याने विचारले की दोघांनाही काही झाले तर आम्हा भावंडांना घरी कोण नेणार. हा प्रश्न त्याने आईवडिलांना कधी विचारला नव्हता, कारण ओतकामाच्या आधीचे दिवस घाईचे असतात आणि त्याच्या प्रत्येक बोलण्याला "नंतर" असे उत्तर मिळत आले होते.

माझा पहिला आग्रह असा होता की भट्टी पेटेल त्या दिवशी एका पालकाने पथकात राहू नये. हे सोपे नव्हते. आईच्या दृष्टीने नवरा हा लॅडलच्या दुसऱ्या टोकाला असलेला सर्वांत भरवशाचा माणूस होता, आणि वडिलांना वाटत होते की आगीपासून दूर झाल्यावर या सगळ्या प्रवासात आपण फक्त सामान वाहणारे उरू. हे दुःख खरे होते आणि त्यावर आम्ही मुलांच्या विषयाइतकाच वेळ दिला. शेवटी त्यांनी साचे बांधण्याचे आणि दुसऱ्या दिवशी ते फोडून शिल्प मोकळे करण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि ओतण्याच्या वेळी सुरक्षित अंतरावर मुलांजवळ थांबायचे ठरवले. आता मुलगा वडिलांना विचारतो आणि वडील प्रत्येक टप्पा त्याला सांगतात.

मुलांना कामातून पूर्ण वगळावे असे मात्र मी सुचवले नाही. रेझिनने घट्ट केलेल्या वाळूच्या ठोकळ्यावर खिळ्याने उलटे चित्र कोरायचे, त्यात लोखंड ओतले की उठावाचे फलक तयार होतात. हे लहान मुलांना सहज जमते, फक्त कोरताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क हवा. भट्टीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि साचे फोडताना, घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते, म्हणून ती कामे चालू असताना मुले आसपास नकोत. आईने कपडे बदलून, हातपाय धुऊनच मुलांना जवळ घ्यायचे, आणि ते का, हे त्यांना आधी सांगायचे. नाहीतर धाकटा तेवढ्यावरूनही आई आपल्याला टाळते असे समजत होता.

मुलीचा प्रश्न वेगळा होता. शिगेहिरो ओइशी आणि उलरिच शिमॅक यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहानपणी वारंवार घर बदलण्याचा संबंध मोठेपणीच्या कमी समाधानाशी आढळला होता, परंतु तो मुख्यतः अंतर्मुख स्वभावाच्या माणसांत. तो अभ्यास कायमच्या स्थलांतराचा आहे, काही आठवड्यांच्या मुक्कामाचा नाही. तरीही एकाच घरातल्या दोन मुलांना एकच प्रवास सारखा मानवत नाही, हे मला व्यवहारात नेहमी दिसते. मुलीला भीती वाटत नव्हती. तिची एकुलती एक मैत्रीण प्रत्येक मुक्कामागणिक दुरावत होती, आणि भावाला सांभाळण्याची जबाबदारी तिने कधी मागितली नव्हती. ती जबाबदारी आम्ही तिच्याकडून पूर्णपणे काढून घेतली. निमंत्रणाला होकार कळवण्यापूर्वी चौघांनी बसून बोलायचे, आणि तिची इच्छा नसेल तर तिने मावशीकडे राहायचे, असे ठरले. पुढच्याच प्रकल्पाला तिने येणार नाही असे सांगितले. आईला ते फार लागले. मुलीने आपल्या कामाला नकार दिला असे तिला वाटले, आणि त्या भावनेवर आमच्या भेटी अजून चालू आहेत.

मुलाची पोटदुखी पूर्ण गेलेली नाही, पण ती सुरू झाली की तो आता सांगतो. झोप उडणे, अंथरूण ओले होणे, खाणे तुटणे अशी लक्षणे घरी परतल्यावरही काही आठवडे टिकली असती, तर मी त्यांना प्रवास थांबवून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तशी वेळ आली नाही. अशाच परिस्थितीतल्या इतर पालकांना मी आता पुढचे निमंत्रण स्वीकारण्याआधी एक गोष्ट ठरवायला सांगते: भट्टी पेटल्यापासून ती रिकामी करून थंड होईपर्यंत मुलांशिवाय दुसरे कोणतेही काम नसलेला मोठा माणूस कोण असेल, त्याचे नाव मुलांना आधी कळले पाहिजे. असे नाव मिळत नसेल, तर त्या खेपेला मुलांना सोबत नेऊ नये.