हिरवं म्हणजे गार नव्हे

प्रश्न : काका, आम्ही दारव्हा तालुक्यातले. यंदा तुरीचे पैसे हाती आले, म्हणून मे महिन्यात आठ-दहा दिवस बाहेर जायचं ठरवलंय. आमचे हे, मी, दोन लेकरं आणि सासूबाई. त्यांचं वय ६७, गुडघे दुखतात. जाऊबाई म्हणतात, चंडीगड लय हिरवं शहर आहे, उन्हाळ्यातही गार वाटते, अन् शिमला तिथून जवळच. खरं आहे का? मृग लागायच्या आत घरी पाहिजे.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या जाऊबाई बहुतेक फेब्रुवारीत जाऊन आल्या असाव्यात. मे महिन्यात चंडीगडचा पारा चाळिशी ओलांडतो, आपल्या यवतमाळसारखाच. तीस वर्षं कृषी सहायक म्हणून बांधाबांधाने हिंडलेला मी, मला ऊन काय करणार, या गुर्मीत भर दुपारी एक वाजता कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या, म्हणजे तिथल्या सरकारी इमारतींच्या आवाराच्या, सिमेंटच्या पटांगणात उभा राहिलो. तिथे उभारलेला २६ मीटर उंच लोखंडी पंजा डोळ्यांपुढे गरगरायला लागला तेव्हा बायकोने डोक्याला ओला दुपट्टा बांधून सावलीत बसवलं. त्यावर ती जे बोलली ते मासिकात छापण्यासारखं नाही.

तरी जा. दोन दिवस पुरेत. फिरायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर ऊन कलल्यावर. मधल्या वेळात खोलीवर पडून राहा.

शहराचा आराखडा ल कार्बुझिए या वास्तुकाराचा, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण झाडांच्या मागे होते एम. एस. रंधावा नावाचे सरकारी अधिकारी. कोणत्या रस्त्याला कोणतं झाड, हे ठरवून लावलंय. आपल्याकडे खड्डा एकाचा, रोप दुसऱ्याचं आणि फोटो तिसऱ्याचा, त्यामुळे मला हे पाहून जरा पोटात दुखलं. मेअखेरीला तिथे बहावा फुलतो. आपल्याकडे तो जंगलात एकटादुकटा दिसतो, तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पिवळे झुंबर लोंबत असतात. लेकरांना रॉक गार्डन दाखवा. नेकचंद नावाच्या रस्ते निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाकाऊ सामान गोळा करून वर्षानुवर्षं ते गुपचूप उभारलं. लोकांसाठी खुलं झालं १९७६ मध्ये.

संध्याकाळ सुखना तलावावर काढा, पलीकडे शिवालिकचे डोंगर दिसतात. पण या तलावाची खरी गोष्ट काठावर कळत नाही. ओढा अडवून १९५८ मध्ये तलाव केला आणि काही वर्षांतच तो गाळाने भरू लागला. गाळ यायचा कुठून? वरच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवरून, आणि त्यातलं एक गाव सुखोमाजरी. शेळ्या-गुरांनी गवताची काडी ठेवली नव्हती. सत्तरच्या दशकात मृदसंधारण केंद्राचे पी. आर. मिश्रा तिथे गेले. त्यांनी लोकांना नुसतं झाडं लावा असं सांगितलं नाही. आधी मातीचा छोटा बंधारा घातला, शेताला पाणी दिलं. मग गावानेच ठरवलं की टेकडीवर गुरं मोकळी सोडायची नाहीत. आणि पाण्याचा वाटा घरटी, ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही! आमच्या खात्याने बांध पुष्कळ घातले, पण भूमिहीनाला पाण्यात वाटा द्यायचं मला तरी कधी सुचलं नव्हतं. काल्क्याच्या वाटेवर पिंजोर लागतं, सुखोमाजरी त्याच भागात आहे. गाडी केलीत तर तासभर थांबा. लेकरं कंटाळतील, पण तुमचे हे कंटाळणार नाहीत.

आता डोंगर. काल्क्याहून शिमल्याला छोटी गाडी जाते. १९०३ मध्ये सुरू झालेली, ९६ किलोमीटरची वाट, १०२ बोगदे, आणि पोचायला पाचएक तास. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या शकुंतला रेल्वेएवढीच. सासूबाई दारव्ह्याच्याच असतील तर मूर्तिजापूरला त्या गाडीने नक्की गेल्या असतील. तिकडची गाडी जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आपली बंद पडली आहे, एवढंच.

शिमल्यात मुक्काम करू नका. मे महिन्यात तिथे आपल्या बसस्टँडपेक्षा जास्त गर्दी. बडोग किंवा सोलनला तीन रात्री राहा. बडोगला मार्गावरचा मोठा बोगदा आहे, १,१४३ मीटरचा. त्याच्या तोंडाशी स्टेशन आणि भोवती चिडाची, म्हणजे पाइनची झाडं. उंची साधारण पंधराशे मीटर, रात्री पांघरूण लागतं. तिथून एक दिवस शिमला करून या. मॉल रोडवर चढून जाऊ नका, कार्ट रोडवरून लिफ्ट आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न तिथे तरी मिटतो.

नागपूरहून दिल्लीला गाड्यांची कमी नाही, दिल्लीहून चंडीगड सकाळच्या गाडीने. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; छोट्या गाडीचंही त्याच दिवशी करा, तिच्या जागा थोड्या असतात. परतीचं तिकीट १ जूनच्या आतलं काढा. मृग ७ तारखेच्या आसपास लागतो, आणि बियाण्याच्या दुकानासमोरची रांग त्याच्याही आधी लागते.