लिंक्ड लिस्टचा कोड पाठ करू नकोस, आधी कागदावर काढ

तू लिहिलं आहेस की पहिल्या वर्षी सी भाषा छान जमत होती, पण दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स (मेमरीत माहिती मांडण्याच्या रचना) सुरू झाल्यापासून प्रत्येक प्रोग्राम 'सेगमेंटेशन फॉल्ट' (भलत्याच मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतो, म्हणून सीनियरच्या जर्नलमधला कोड पाठ करायला घेतला आहे. तेवढं मात्र आजच थांबव. एक्स्टर्नलने एक ओळ बदलायला सांगितली की पाठांतर संपतं, आणि ओरलला तशी ओळ बदलायला सांगतातच.

तुझं घोडं पॉइंटरवर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलवर, अडलंय. पहिल्या वर्षी पॉइंटर भेटतो तो स्वॅपच्या (दोन किमतींच्या अदलाबदलीच्या) प्रोग्रामपुरता. इथे मेमरी आपण मागून घेतो, आपणच परत करतो, आणि मधल्या काळात कुठला पत्ता कोणाकडे आहे याचा हिशेबही आपणच ठेवायचा असतो.

कोरा कागद आणि पेन्सिल घे. लिंक्ड लिस्ट म्हणजे एकाला एक जोडलेल्या नोडची साखळी. प्रत्येक नोडचा चौकोन काढ, त्यात दोन खाने: डेटा आणि नेक्स्ट, म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता. शेवटच्या नेक्स्टमध्ये फुली, म्हणजे नल, पुढे कोणी नाही. आता अख्खी लिस्ट डिलीट करायची आहे. बहुतेक मुलं लूपमध्ये आधी 'पी' या पॉइंटरचा नोड फ्री करतात (म्हणजे त्याची मेमरी परत करतात) आणि पुढच्या ओळीत पीचा नेक्स्ट पीमध्ये घालतात. हेच कागदावर कर. फ्री म्हटलं की तो चौकोन खोडरबरने पुसायचा. मग पुढचा पत्ता कुठून वाचणार? तो पुसलेल्या चौकोनातच होता! म्हणून पुढचा पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये उतरवून घ्यायचा, मगच फ्री.

ही चूक फार फसवी आहे, कारण फ्री केल्यावर मेमरीतला मजकूर लगेच पुसला जाईलच असं नाही. चुकीचा कोडही कित्येकदा चालून जातो. माझा प्रोग्राम घरी महिनाभर बिनतक्रार चालला आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी लॅबच्या मशीनवर बंद पडला. कोड तोच होता, त्यामुळे परीक्षेत चूक शोधायची कुठे हेच कळेना. तू आत्तापासून व्हॅलग्राइंड हे मेमरीच्या चुका शोधणारं टूल वापर. डीबग माहितीसकट कंपाइल केलंस तर अशी चूक नेमक्या कितव्या ओळीत आहे ते सांगतं. आणि प्रत्येक फंक्शन चार लिस्टवर तपास: रिकामी, एका नोडची, पहिला नोड काढायचा आहे अशी, शेवटचा काढायचा आहे अशी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका पहिल्या दोनांत सापडल्या आहेत.

ट्रीचंही तसंच. बायनरी सर्च ट्रीमध्ये (लहान नंबर डावीकडे, मोठा उजवीकडे) रोल नंबर १ ते १००० ओळीने घालून बघ. प्रत्येक नवा नंबर आधीच्यापेक्षा मोठा, म्हणून उजवीकडेच जातो. झाडाऐवजी साखळी तयार होते आणि १००० नंबर शोधायला १००० नोड ओलांडावे लागतात. खरं तर झाड समतोल असेल तर १० पातळ्यांत १०२३ नोड मावतात. ॲडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी १९६२ साली एव्हीएल ट्री मांडलं ते हाच समतोल राखण्यासाठी. निदान १ ते ७ ची साखळी हाताने काढ, मग रोटेशनच्या, म्हणजे नोड फिरवून समतोल साधण्याच्या, चार केसेस उघड. त्या कशासाठी आहेत हे दिसलं की लक्षात राहतात.

रिकर्शनला, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याला, घाबरतेस असंही तू म्हटलं आहेस. फिबोनाचीच्या (प्रत्येक आकडा आधीच्या दोनांची बेरीज) साध्या रिकर्सिव्ह फंक्शनमध्ये एक काउंटर टाक आणि ४० वा आकडा काढ. फंक्शन ३३ कोटी ११ लाखांहून जास्त वेळा स्वतःला हाक मारतं, कारण तीच उत्तरं ते पुन्हा पुन्हा काढत बसतं. काढलेली उत्तरं ॲरेत ठेवलीस तर चाळीसेक बेरजांत काम होतं. डायनॅमिक प्रोग्रामिंगचं बीज एवढंच आहे.

पायथनमध्ये करू का, विचारलंस. जरूर कर, पण लिंक्ड लिस्ट एकदा सीमध्ये झाल्यावर. पायथन मेमरी स्वतः सांभाळतं, त्यामुळे तुझी आत्ताची अडचण तिथे दिसणारच नाही.

या आठवड्यात फक्त डिलीटचं फंक्शन घे. कोड अडला तर इथे टाक, आणि सोबत तुझ्या कागदाचा फोटोही.