संत्रा बर्फी का फाटते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दिवाळीत अर्धा किलो खवा परतला आणि त्यात चार संत्र्यांचा रस मिक्सरमधून काढून ओतला. पाच मिनिटांत खव्याचे गोळे झाले, पिवळं पाणी सुटलं. ते आटवत बसले, तर मिश्रण रबरासारखं चिवट झालं आणि वर कडू लागलं. बहीण म्हणते, चिमूटभर सोडा घालायला हवा होता. नेमकं कुठे चुकलं?
— एक वाचक, अमरावती

ताई, वरुड-मोर्शीचा संत्रा तुमच्या दाराशी येतो. तुम्हाला ही बर्फी आलीच पाहिजे, म्हणून उत्तर जरा लांब लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं होतं. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी. चार लिटर म्हशीचं दूध सकाळपासून आटवून खोवा केलेला (आमच्याकडे खव्याला खोवाच म्हणतात) आणि त्यात मी वाटीभर रस ओतला. डोळ्यांदेखत सगळं फाटलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ते मिश्रण ताबडतोब आचेवरून उतरवलं, पंच्यात बांधून टांगलं आणि दुसऱ्या दिवशी साखर, वेलची घालून त्याच्या वड्या थापल्या. कलाकंदासारख्या झाल्या, घरात सगळ्यांनी खाल्ल्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला जे दाखवलं, ते खरं महत्त्वाचं. संत्र्याची एक साल घेतली, देवघरातल्या निरांजनाजवळ धरली आणि दुमडून चिमटली. ज्योतीत तडतड ठिणग्या उडाल्या आणि खोलीभर संत्र्याचा वास पसरला. म्हणाल्या, "वास इथे आहे गं. रसात नुसता आंबटपणा."

तेव्हापासून मी बर्फीत रस घालत नाही. वासासाठी साल आणि चवीसाठी वेगळा शिजवलेला गर, एवढंच वापरते.

आता तुमच्या कढईत काय झालं ते सांगते. खोवा म्हणजे दूधच, फक्त पाणी उडालेलं. त्यातलं प्रथिन आंबटाने आवळून येतं, आणि दूध जितकं गरम तितका कमी आंबटपणा त्याला पुरतो. लिंबू पिळून आपण पनीर करतो ते उकळत्या दुधाचंच ना? तुम्ही गरम खोव्यात आंबट रस ओतलात, म्हणजे खोव्याचंच पनीर झालं. ते तसंच शिजवत राहिलात, म्हणून त्याने उरलंसुरलं पाणीही सोडलं आणि चिवट झालं. फाटल्याबरोबर उतरवलं असतंत, तर वाचलं असतं.

कडवटपणा मात्र दुधाचा नाही, मिक्सरचा. संत्र्याच्या बिया आणि फोडीवरचा पापुद्रा यांत एक द्रव्य असतं. आख्खं फळ खाताना ते जाणवत नाही, पण पापुद्रा, बी चिरडून रस काढला आणि तो ठेवला किंवा तापवला, की त्याचं लिमोनिन तयार होतं आणि ते जिभेला चांगलंच कडू लागतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच दुपारपर्यंत कडू होतो. हे ज्याने त्याने घरी अनुभवलेलं आहे.

सोड्याचं म्हणाल, तर बहिणीला प्रेमाने सांगा की नको. सोड्याने आंबटपणा मरतो हे खरं, पण संत्र्याची चवही त्याच्याबरोबर जाते, जिभेवर साबणासारखं लागतं आणि खोवा आचेवर लवकर तांबूस पडतो.

आता करायचं कसं. पाच मध्यम, घट्ट सालीचे संत्रे घ्या. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते. फार पिकून पोकळ झालेल्या फळाची साल किसताना आत दबते, म्हणून दाबून पाहूनच निवडा. चकचकीत फळांवर मेण लावलेलं असतं, ती कोमट पाण्यात चोळून धुवा आणि कोरडी पुसा. मग सोलायच्या आधी बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी भाग किसून घ्या. पांढरं दिसलं की थांबायचं, फळ फिरवायचं. तीन संत्र्यांचा मिळून दोन छोटे चमचे कीस पुरतो. हा कीस दोन मोठे चमचे साखरेत घाला आणि बोटांनी चोळा. मिनिटाभरात साखर ओलसर होते, केशरी दिसायला लागते आणि हाताला तेलकट लागते. तेच ते निरांजनात तडतडलेलं तेल. ही साखर झाकून बाजूला ठेवा.

पुढचं काम बसून करण्याचं आहे. संत्रे सोला, फोडी सुट्या करा, प्रत्येक फोडीचा पापुद्रा पाठीकडून उघडा, बी काढा आणि आतला गर तेवढा वाटीत घ्या. पांढऱ्या रेषा एकही नको. घरात नातवंडं असतील तर त्यांना बसवा, निम्मा गर पोटात जाईल म्हणून एखादा संत्रा जास्तीचा धरा. अडीचशे ग्रॅम गर हवा. तो लगेच जाड बुडाच्या कढईत दीडशे ग्रॅम साखरेबरोबर मध्यम आचेवर ठेवा. आधी पातळ होईल, मग पंधरा-वीस मिनिटांत मुरांब्यासारखा दाट होईल. थंड ताटलीत थेंब टाकून ताटली कलती करा. थेंब ओघळला नाही की उतरवा. लोखंडाची किंवा बिनकल्हईची पितळी कढई याला वापरू नका, आंबटाने चव बिघडते.

दुसऱ्या कढईत चारशे ग्रॅम खोवा मंद आचेवर परता. बाजारातून आणणार असाल तर घट्ट, पिंडीचा खोवा मागा. गुलाबजामला वापरतात तो ओलसर धापचा खोवा इथे नको. घरी करणार असाल तर म्हशीच्या दोन लिटर दुधाचा साधारण एवढा खोवा पडतो. तो कडेने तूप सोडू लागला आणि गोळा कढईला चिकटेनासा झाला की गॅस बंद करा. आणि इथे थांबा. ताई, सगळी बर्फी या थांबण्यावर आहे. खोव्यात बोट सुखाने टेकवता येईल इतका तो कोमट होऊ द्या. गरही तेवढाच कोमट. मग गर दोन-तीन वेळा करून घाला आणि मिसळत जा. साखरेत शिजून दाट झालेल्या गरात पाणी फार कमी उरलेलं असतं, खोवाही निवलेला असतो, म्हणून आता फाटत नाही. थोडा रवाळ दाणा येईल. तो येऊ द्या, छान लागतो. मिश्रण सैल वाटलं तर अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा, त्याहून जास्त नको. सालीची साखर सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून घाला, कारण तो वास उडून जाणारा आहे.

तूप लावलेल्या ताटात बोटभर जाडीचं थापा आणि चार-पाच तास हलवू नका. चोवीसेक वड्या पडतात. वेलची घालू नका, ती संत्र्यावर मात करते. रंगासाठी चार-सहा काड्या केशर दुधात खलून घातलं तर पुरे.

एक शेवटचं. दिवाळीला येतो तो आंबिया बहाराचा संत्रा, त्यात आंबटपणा जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचा माल येतो, तो अधिक गोड असतो. पुन्हा कराल तेव्हा त्याच्यावर करा. माझी सगळ्यात चांगली बर्फी दर वर्षी होळीच्या आसपासचीच असते.

प्रश्न : संत्र्याऐवजी डब्यातला तयार रस किंवा इसेन्स वापरला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

डब्यातला रस नको. तो आंबटच असतो आणि त्यात सालीचा वास नसतो, म्हणजे आपल्याला नको ते सगळं आणि हवं ते काहीच नाही. इसेन्सने वास येतो, पण घास गिळल्यावर तोंडात औषधी गोळीची चव मागे राहते. पुण्यात हिवाळ्यात नागपुरी संत्रा सहज मिळतो. तीन फळांची साल किसायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

प्रश्न : इथे खवाही मिळत नाही आणि नागपुरी संत्रेही. मुलांना ही बर्फी खाऊ घालायची फार इच्छा आहे. मोठ्या नेव्हल ऑरेंजची करता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

नेव्हल नका घेऊ. कापून खायला उत्तम फळ, पण त्याचा रस ठेवल्यावर आणि शिजवल्यावर कडू होण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. तुमच्याकडे क्लेमेंटाइन मिळतात, हाताने सोलता येणारे छोटे. ते आपल्या संत्र्याचे जवळचे नातेवाईक. साल पातळ असते, म्हणून किसणी हलक्या हाताने फिरवा. फोडी लहान असल्याने सात-आठ फळं लागतील.

खोव्यासाठी अडीचशे ग्रॅम फुल क्रीम दूध पावडर, दोनशे मिली क्रीम आणि दोन चमचे तूप एकत्र कालवा. गुठळ्या मोडून मगच मंद आचेवर ठेवा, दहा-बारा मिनिटांत गोळा होतो. हा खोवा आधीच गोडसर असतो, म्हणून गरात साखर शंभर ग्रॅमच घाला. बाकी सगळं वरच्यासारखं, थांबण्यासकट. आणि मुलांना सालीची ती गंमत मेणबत्तीवर नक्की दाखवा, फक्त हात त्यांचा नको, तुमचा.

प्रश्न : ताज्या अननसाचे तुकडे घालून बासुंदी केली. रात्री छान होती, सकाळी पातळ आणि कडू. दूध खराब होतं का?
— एक वाचक, ठाणे

दुधाचा दोष नाही. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्ची पपई चोळतो, ते का? पपईतला एक घटक मांसातलं प्रथिन तोडतो. कच्च्या अननसात त्याच जातीचं ब्रोमेलेन असतं, ते दुधातलं प्रथिन रात्रभर तोडत बसतं. तुटलेल्या प्रथिनाची चव कडू असते आणि दाटपणाही जातो. उपाय सोपा आहे. तुकडे थोड्या साखरेत आठ-दहा मिनिटं खळखळून शिजवा, की ब्रोमेलेन निकामी होतं. मग पूर्ण गार करा आणि गार बासुंदीत घाला. अननस आंबटही आहे, त्यामुळे गरम बासुंदीत घातला तर दुसऱ्या कारणाने फाटेल. किवी आणि ताजं अंजीर यांनाही हाच नियम लावा.

प्रश्न : सीताफळ रबडी दर वेळी किंचित कडवट होते. गर दुधात किती वेळ शिजवावा?
— एक वाचक, सासवड

अजिबात शिजवू नका. अननसाच्या अगदी उलट, सीताफळाचा गर तापला की कडू होतो. दूध आटवा, फ्रिजमध्ये गार करा आणि वाढायच्या तासभर आधी गर मिसळा. बिया काढताना मिक्सर फिरवू नका, बी फुटता कामा नये. चाळणीवर गर हाताने घासून घ्या. तुमच्या पुरंदरच्या सीताफळाला साखरही फारशी लागत नाही.

प्रश्न : सणाच्या दिवसांत बाजारातल्या खव्यात स्टार्च असतो असं ऐकते. घरी कळेल का?
— एक वाचक, वर्धा

कळतं. चमचाभर खोवा पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर पीठ किंवा स्टार्च आहे. गरम असताना टाकलंत तर निळा रंग दिसत नाही आणि वाईट खोवा चांगला ठरतो, म्हणून गार करणं विसरू नका. तपासलेला नमुना फेकून द्या. एरवी तळहातावर घासून पाहायची सवय ठेवा. चांगला खोवा हाताला तूप लावतो.

प्रश्न : संत्रा बर्फी किती दिवस टिकते? मुलगा हैदराबादला असतो, बसने पाठवायची आहे.
— एक वाचक, चंद्रपूर

फळाचा गर असल्याने साध्या बर्फीपेक्षा कमी टिकते. थंडीत बाहेर दीड-दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडाभर. रात्रीच्या बसने थंडीच्या दिवसांत खुशाल पाठवा, एप्रिलनंतर नको. करून एक रात्र फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. स्टीलच्या डब्यात तळाशी बटर पेपर, वड्यांच्या दोन थरांमध्ये पुन्हा बटर पेपर, आणि वर रिकामी जागा उरली तर तीही कागदाने भरा, म्हणजे कडा मोडत नाहीत. मी डब्यात सालीचा एक केशरी तुकडाही ठेवते, कोरडा पुसून, कागदाच्या वर. झाकण उघडल्याबरोबर आधी तो वास येतो.