बँकेतलं टार्गेट आणि जक्कयाचा हिशेब

ताई, वास्कोहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, खासगी बँकेत इंटर्नशिप करतोय आणि तिथूनच नोकरीची ऑफर आली आहे. पण बोटीवरून निवृत्त झालेल्या एका काकांची मुदत ठेव मोडून 'हेही एफडीसारखंच' म्हणत विम्याची पॉलिसी गळ्यात मारलेली त्याने गेल्या आठवड्यात पाहिली. फॉर्मवर काकांचं वार्षिक उत्पन्न फुगवून लिहायचं काम त्यालाच दिलं. पडताळणीचा फोन आला की प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणा, असं साहेबांनी काकांना बजावलं. आता मुलगा म्हणतो, ख्रिस्ती माणसाने या धंद्यात राहूच नये. तुमचं म्हणणं, पगार चांगला आहे, हवं तर इन्सेन्टिव्हमधून दशांश, म्हणजे मंडळीला (चर्चला) द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, जास्त देऊ.

आधी तातडीचं. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. ठेव मुदतीआधी मोडल्याने बुडालेलं व्याज मात्र गेलंच. पेन्शन नसेल तर अशा घराची चूल ठेवीच्या व्याजावरच पेटते, आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता दारात उभा राहणार. मुलाने काकांना हे आजच सांगावं. नोकरी धरायची की सोडायची, हे ठरेपर्यंत थांबू नये.

आता त्याचा प्रश्न. देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही, हे वचन त्याला पाठ असणार. पण लूकचं शुभवर्तमानही त्याने उघडावं. जकातदार बाप्तिस्म्यासाठी योहानाकडे आले आणि 'आम्ही काय करावं?' म्हणाले, तेव्हा त्याने जकातनाकं सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच म्हणाला. यरीहोचा जक्कय तर जकातदारांचा मुख्य, पण येशूने त्यालाही काम सोड म्हटल्याचं लूक लिहीत नाही. उलट जकातदार मत्तय येशूमागे जायला नाक्यावरून उठला तो कायमचाच. म्हणजे वाटा दोन्ही आहेत. तुमच्या मुलाला कोणती, हे पाळकांशी बोलून त्यानेच ठरवावं.

दशांशाचं मात्र स्पष्ट सांगतो, राग मानू नका. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, पण ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं वेगळं कबूल केलं. काकांचे पैसे मंडळीच्या पेटीत टाकून काकांचा हिशेब फिटत नाही.

माझ्या मते त्याने वित्तक्षेत्र सोडू नये, खुर्ची बदलावी. पगार कोण देतो आणि कशाबद्दल देतो, ते बघावं. बी.कॉम.ला 55 टक्के मिळाले तर सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, आता दोन वर्षांची आहे. काही ठरावीक अपवाद सोडले, तर नफ्याच्या टक्क्यावर फी घ्यायला 1949च्या सीए कायद्यातच मनाई आहे. मोहाची एक फट तरी आधीच बुजवलेली. दुसरी वाट सेबीकडे (शेअर बाजाराच्या नियामकाकडे) नोंदणी केलेल्या गुंतवणूक सल्लागाराची. पदवी आणि एनआयएसएम या रोखेबाजाराच्या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षा लागतात. सल्ल्याची फी ग्राहकच देतो आणि ज्याला सल्ला दिला त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही. सुरुवातीला कमाई बेताची, हे खरं. पण परदेशातून पैसा येणाऱ्या गोव्यातल्या घरांना असा माणूस हवाच असतो. पतसंस्थाही आहेत, फक्त सहकारी म्हणजे आपोआप सोवळं, असं समजू नका.

घरावर कर्ज असेल आणि पगार लगेच हवाच असेल, तर बँकेतही विक्रीखेरीज कर्जछाननी, अनुपालन (नियम पाळले जातात का ते बघणारा), लेखापरीक्षण असे विभाग असतात. तिकडे जागा आहे का, विचारावं. शेजारच्या मुलाचा आखातातला पगार मात्र जेवणाच्या ताटावर काढू नका.

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारायला सांगा: पगारातला निश्चित भाग किती, इन्सेन्टिव्ह नेमका कशावर, आणि ग्राहकाने 30 दिवसांत पॉलिसी परत केली तर दिलेला इन्सेन्टिव्ह कोणाकडून वसूल होतो. उत्तरं ईमेलवर मागावीत. ऑफर लेटरमध्ये बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची, अट असेल तर ते पान मला पाठवा, मग बोलू.