मिरजेकडच्या काळ्या रानात महोगनी लावावी का?

लावा, पण बांधावर. ऊस मोडून एकरभर नको. हे झाड मूळचं मेक्सिकोपासून ॲमेझॉनपर्यंतच्या जंगलातलं, तिथं ३०-४० मीटर सरळ वर जातं. आपल्याकडं घात करते ती शेंडा पोखरणारी अळी. कोवळा शेंडा मान टाकतो. चिरून बघा, आत ओलसर भुसा आणि अळी. मग बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात आणि ज्याला भाव, ते सरळ खोडच जातं. माझ्या नऊपैकी तीन अशीच दुबेळकी झाली. पहिली काही वर्षं एकच फांदी राखा. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत नादच नको. रोपवाला ‘बारा वर्षांत कोटी’ म्हणाला, तर आधी त्याच्या रानातलं तोडलेलं झाड दाखवायला सांगा.